सोयाबीन पिकवले, आता पचवायलाही शिकू या



आडसाली उसात सोयाबीनचे आंतरपीक घ्या, असा आग्रह आम्ही शेती खात्याकडून नेहमीच धरतो. रानाला बेवड चांगला मिळतो, ऊस तुटेपर्यंत हाती चार पैसे येतात, हे आता बहुतेकांना पटले आहे. परंतु "घरात खायला किती ठेवले?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "साहेब, पोटाला बाधतं ते. बाजारातच बरं!"

बाधते हे खोटे नाही. मात्र त्यात दोष सोयाबीनचा कमी आणि ते कच्चेच दळण्याच्या आपल्या सवयीचा जास्त, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सीन-रोधक नावाचे द्रव्य असते. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सीन प्रथिने फोडण्याचे काम करते. हे रोधक त्यालाच जखडून ठेवते. मग दाण्यात शेकडा 40 च्या आसपास प्रथिने असूनही त्यांतील बराच भाग वाया जातो. 1917 साली अमेरिकेत ऑस्बोर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांनी उंदरांना सोयाबीन चारून पाहिले. कच्च्यावर उंदीर नीट वाढले नाहीत, शिजवलेल्यावर वाढले. कोंबडीच्या पिलांचेही तसेच होते.

दुसरे द्रव्य फायटिक आम्ल. ते लोह आणि जस्त धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. भिजवून पाणी टाकल्याने, मोड आणल्याने ते कमी होते. मटकी-हुलग्याला मोड आणणाऱ्या आपल्या आयाबायांना शास्त्रातले नाव ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती. सोयाबीन मागाहून आलेले पीक. ते रानात रुजले, त्याची रीत घरात रुजली नाही.

काही जण म्हणतात, "चपाती भाजतोच की!" पण तव्यावरच्या मिनिटा-दोन मिनिटांच्या आचेवर भरवसा ठेवणे बरे नव्हे. सोयाबीन रात्रभर भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे, नव्या पाण्यात 20 ते 25 मिनिटे उकळावे, उन्हात कडक वाळवावे आणि मगच गिरणीत न्यावे. 9 किलो गव्हाला 1 किलो पुरे. कोंबड्यांना व लहान वासरांनाही कच्चा भरडा घालू नये.

हे बायकांचे काम म्हणून पुरुष मंडळींनी हात झटकू नयेत. रोग टाळण्यासाठी उसाच्या बेण्याला उष्ण हवेची प्रक्रिया आपण बिनतक्रार करून घेतो. बेण्यासाठी एवढी काळजी, मग पोरांच्या ताटात जाणाऱ्या दाण्यासाठी का नको? सगळे पीक आडतीवर घालण्याआधी एक पोते घरी ठेवा, एवढेच आमचे सांगणे.

— ऊस विकास अधिकारी