जिल्ह्यातील तीन महिने

एम.बी.बी.एस. झालेल्या तरुणाला फिजिशियन होण्यासाठी आणखी तीन वर्षे रेसिडेन्सी करावी लागते. रुग्णालयातच राहून, ज्येष्ठांच्या नजरेखाली, रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकण्याची ही परंपरा सर विल्यम ऑस्लर यांनी १८८९ नंतर जॉन्स हॉपकिन्समध्ये रुजवली. आपल्याकडे २०२१ च्या तुकडीपासून या तीन वर्षांतील तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणे बंधनकारक आहे. अनेकांना हा नियम म्हणजे रिकाम्या जागा भरण्याची सोय वाटते. मला मात्र त्यात शिक्षणाची मोठी संधी दिसते.

फवारणीचे विष पोटात गेलेला माळव्यातील शेतकरी डोळ्यांसमोर आणा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. अ‍ॅट्रोपिनची पहिली मात्रा पुस्तकात सापडते. पुढची किती द्यायची, हे दर काही मिनिटांनी छाती ऐकून ठरवावे लागते. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचे नसते. छाती कोरडी होईपर्यंत द्यायचे असते. भ्रम आणि ताप दिसू लागला, तर मात्रा जास्त झाली हेही ओळखायचे असते. महाविद्यालयात रेसिडेंटच्या पाठीशी सुसज्ज अतिदक्षता विभाग असतो. जिल्ह्यात मात्र या रुग्णाला येथेच ठेवायचे की पंचावन्न किलोमीटरवरच्या इंदूरला पाठवायचे, हा निर्णय त्याच क्षणी घ्यावा लागतो. तो निर्णय शिकण्याची जागा जिल्हाच.

पण शिकवणारा नसेल, तर तीन महिने केवळ ड्यूटीत जातात. उज्जैनमध्ये २००१ पासून आर. डी. गार्डी महाविद्यालय आहे. २०२४ मध्ये शासकीय महाविद्यालयाचेही भूमिपूजन झाले. २०२० च्या कोविडकाळात आपल्या माधव नगरच्या शासकीय रुग्णालयाने केवढा भार वाहिला, हे आपण पाहिले आहे. २०२८ च्या सिंहस्थात असाच भार पुन्हा येणार. इमारती उभ्या राहतील. शिकवणारे हात आपल्यालाच द्यावे लागतील.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शासनाच्या परवानगीने आपल्यातील ज्येष्ठ व निवृत्त फिजिशियननी आठवड्यातून एक सकाळ या तरुणांबरोबर राउंड घ्यावा. माळवी बोलणाऱ्या आजीच्या तक्रारीतून निदान कसे हाती लागते, हे आपल्याइतके कोण दाखवू शकेल? आपल्या गुरुजनांनी आपल्याला असेच खाटेशी उभे करून शिकवले. ते ऋण फेडण्याची हीच रीत आहे.