अगरच्या रोपाआधी माती बघा



यंदा उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर एक गाडी फिरते आहे. गाडीत पिशवीतली रोपं आणि छापील कागद. रोप अगरचं. ज्याच्यावरून अगरबत्तीला नाव पडलं, ज्याला ऊद म्हणतात, तेच झाड. एजंट म्हणतो, प्लॉट सगळा साफ करा, जेसीबीने खड्डे मारा, रोपं उधारीवर घ्या, काही वर्षांत लखपती व्हाल. शेजारच्या घरी चहा पिऊन त्याने कागदावर अंगठाही मागितला. घरातल्या म्हातारीने एकच विचारलं, "पोरा, आमची माती बघितलीस का?" त्याने बघितली नव्हती.

अगर वाईट झाड आहे असं मी म्हणत नाही. ते मूळ आसामकडचं. तिथे त्याला साची म्हणतात, जुन्या काळी त्याच्या सालीवर पोथ्या लिहीत. गोलाघाट, जोरहाट भागात लोक ते घराच्या परसात सुपारीबरोबर, मिसळ झाडांत वाढवतात. सावली असते, पालापाचोळा मुळाशी कुजतो. वळवाचा पाऊस तिकडे मार्च-एप्रिलपासूनच लागतो. निचऱ्याची, आम्लधर्मी माती त्याला मानवते. आपली तांबडी माती तेवढ्यापुरती जुळते. पण पाणी साचलं की मूळ कुजतं.

आता आपलं बघा. आपल्या डोंगरपट्टीत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, मग आठ महिने कोरडे. प्लॉट बहुतेक उतारावर. असा प्लॉट मे महिन्यात उघडा करून जेसीबीने उकरला तर जूनमध्ये माती ओढ्यात जाते. हिशोब करा. एका एकरातून फक्त 1 सेंटीमीटर माती गेली तर ती 40 घनमीटर होते, म्हणजे साधारण 50 टन. नागली, वरई, भात पिकवणारी माती तीच. ती परत तयार व्हायला माणसाचा जन्म पुरत नाही.

एजंट आणखी एक गोष्ट सांगत नाही. निरोगी अगरचं लाकूड पांढरं असतं, त्याला वास नसतो. खोडात किडा शिरतो, जखमेत बुरशी वाढते, तेव्हा झाड काळपट राळ धरतं. किंमत त्या राळेला. लागवडीत भोकं पाडून बुरशी घालतात, त्याचा खर्च वेगळा, आणि राळ धरेलच याची खात्री नाही. शिवाय 1995 पासून हे झाड साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, परवान्याशिवाय माल परदेशी जात नाही. मग उधारी कोण फेडणार? प्लॉटवाला.

आणि अंगठ्याचं काय? 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) प्रमाणे आपली जमीन वारसाने मुलाबाळांना जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून कोणत्याही कागदावर ग्रामसभेत वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

तरी कुणाला लावायचंच असेल तर दहा-वीस रोपं लावा, घराजवळ, जिथे पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात हंडाभर पाणी देता येईल. प्लॉट साफ करू नका. ऐन, आंबा, करंज, जे उभं आहे ते राहू द्या, सावली तेच देतील. खड्डा हाताने मारा. वरची काळपट माती वेगळी ठेवा, शेणखत मिसळून तीच परत खड्ड्यात घाला. उताराला आडवा दगडी बांध घाला, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला रोपाच्या बुंध्याभोवती पसरा. खोडाला मात्र चिकटवू नका.

इथे आपल्यालाही थोडं बोलायला हवं. फॉरेस्टवाले म्हणतात, आदिवासींनी माती घालवली. जंगल ठेकेदारांनी तोडलं तेव्हा हे कुठे होते? राबाला माझा विरोध नाही, तो आवणापुरता असतो. पण झाडांखालचा पाचोळा दर वर्षी पेटवून देणं ही आपली चूक आहे. तो पाचोळा म्हणजे फुकटचं खत. आता प्लॉट आपल्या नावावर आहे, तर मातीचा जाबही आपणच द्यायचा.

पण बांधबंदिस्तीचा खर्च एकट्याने का सोसायचा? वनहक्क नियमांतला नियम 16 सांगतो की पट्टा मिळालेल्यांना जमीन सुधारणेच्या सरकारी योजना मिळाल्या पाहिजेत. रोजगार हमीतून आपल्या प्लॉटवर दगडी बांध, समतल चर मागता येतात. कामही मिळतं, मातीही राहते. मग आपण पंचायत समितीच्या दारात बांध मागायला न जाता एजंटच्या गाडीभोवती गर्दी का करतो?

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. एक, रोपांचा कोणताही करार ग्रामसभेपुढे आल्याशिवाय होणार नाही. दोन, पावसाआधी प्रत्येक उताराच्या प्लॉटवर बांधाचं काम सुरू करावं, अशी लेखी मागणी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

– एक प्लॉटधारक कार्यकर्ता