बाटलीवरील बारीक अक्षरे

ऋतू पालटला की घराघरांत शिंका ऐकू येऊ लागतात. मग फडताळात गेल्या वर्षापासून पडून असलेली खोकल्याची अर्धी बाटली खाली उतरते, आणि धाकट्याला एक चमचा, थोरल्याला दोन व आजोबांना अदमासाने, असे तिचे वाटप सुरू होते. या बाटलीत नेमके काय आहे, असा प्रश्न सुशिक्षित घरांतही क्वचितच विचारला जातो. तो का विचारला पाहिजे, हे २०२५ सालच्या एका शोकांतिकेने आपणा सर्वांना शिकवावयास हवे होते.

त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणण्यात आले आणि तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांना देण्यात आलेल्या ‘कोल्ड्रिफ’ नामक औषधाची तामिळनाडूत तपासणी झाली, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. औषधात हे विष ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये, असा दंडक आहे. महाराष्ट्राला हे विष अपरिचित नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला होता व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध-नियंत्रणाची लक्तरे वेशीवर टांगली होती. एवढे होऊनही जी यंत्रणा चाळीस वर्षांत शहाणी झाली नाही, तिला जाब विचारलाच पाहिजे.

तथापि भेसळीविषयीच्या न्याय्य संतापात एक दुसरा प्रश्न झाकून गेला आहे. ते औषध निर्भेळ असते, तरी त्या चिमुकल्यांच्या मुखात ते जावयास हवे होते काय? दगावलेली बहुतेक बालके पाच वर्षांच्या आतील होती. ‘कोल्ड्रिफ’ हे मिश्र औषध. ताप उतरविणारे पॅरासिटामॉल, शिंका व नाकाचे पाणी थांबविणारे क्लोरफेनिरामाइन आणि चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी घातलेले फिनाइलएफ्रिन अशी तीन औषधे त्यात एकत्र होती. यांतील शेवटच्या दोहोंचे विशिष्ट मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा केंद्रीय औषध-नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत, असा सल्ला केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने दोन वर्षांखालील मुलांसंबंधी असाच इशारा २००८ सालीच दिला होता. शहाणपण उपलब्ध होते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत आणि केमिस्टच्या फळीपर्यंत पोहोचले नाही.

या सल्ल्यामागील कारण साधे आहे. पडसे विषाणूंमुळे होते आणि बाटलीतील एकही घटक विषाणूला मारीत नाही. औषध घेतले तर पडसे सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर आठवड्यात, ही जुनी थट्टा वैद्यकाच्या कसोटीलाही उतरते. लहान मुलाला लाभ जवळजवळ शून्य आणि धोका मात्र खरा. मात्रा किंचित वाढली तरी अतोनात गुंगी येणे, श्वास मंदावणे, छातीत धडधडणे असे प्रकार घडू शकतात.

मोठ्या माणसांनी आपण यातून सुटलो असे समजू नये. तापासाठी पॅरासिटामॉलची गोळी, सर्दीसाठी दुसरी आणि रात्रीच्या खोकल्यासाठी तिसरे औषध घेणारा गृहस्थ तेच पॅरासिटामॉल दोनदा वा तीनदा पोटात घालीत असतो. निरोगी प्रौढाने दिवसाकाठी चार ग्रॅम, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही मर्यादा ओलांडली तर यकृताला इजा होते. मद्यपींची मर्यादा याहूनही कमी. फिनाइलएफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. एवढे करून पोटात घेतलेले ते औषध नाक मोकळे करण्यास निरुपयोगी आहे, असा एकमुखी निर्वाळा अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०२३ साली दिला. क्लोरफेनिरामाइनने झोप येते. ते घेऊन वाहन चालविणे वा वर मद्य घेणे हा अविचार होय. काचबिंदूच्या व प्रोस्टेट वाढलेल्या रुग्णांनी तर ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये.

मग रात्रभर खोकणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या मातेने काय करावे? ‘काही करू नका’ हे उत्तर तिला देणे निर्दयपणाचे होईल. तिला करण्यासारखे पुष्कळ आहे. अंगावरचे दूध वा कोमट पाणी थोडे थोडे पाजावे, नाकात मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब घालावेत आणि मूल एक वर्षाहून मोठे असल्यास चमचाभर मध द्यावा. त्याहून लहान मुलाला मात्र मध कदापि देऊ नये. ताप असल्यास मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेले केवळ पॅरासिटामॉल पुरते, आणि तेही स्वयंपाकघरातील चमच्याने न मोजता बाटलीसोबतच्या मापाने मोजावे. श्वास जलद चालला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, मूल दूध पिईनासे झाले, फार मलूल झाले किंवा लघवी कमी झाली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांनाही आमचे सांगणे आहे. पालक बाटली मागतात म्हणून ती लिहून देणे हा वैद्यकधर्म नव्हे. पाच मिनिटे समजावून सांगणे हेदेखील औषधच होय. सरकारने २०१६ साली ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. न्यायालयीन वादानंतर २०१८ साली त्यांतील ३२८ औषधांवर पुन्हा बंदी आली. पण बंदीच्या याद्या दुकानापर्यंत पोहोचेतो नवी नावे बाजारात येतात. म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे. कोणत्या वयाच्या मुलाला औषध देऊ नये आणि त्यात कोणकोणते घटक आहेत, हे बाटलीच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत व महाराष्ट्रात मराठीत छापणे सक्तीचे करावे. आज ही माहिती बहुधा इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते. जिच्यासाठी ती छापली, त्या आईलाच ती वाचता येत नसेल, तर इशारा दिला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ते घडेपर्यंत प्रत्येक घराने एवढे तरी करावे: आजच फडताळातील जुन्या बाटल्या खाली काढाव्यात, चष्मा लावून त्यांवरील अक्षरे वाचावीत, आणि जी वाचता येत नाही ती बाटली मुलाच्या ओठांजवळ नेऊ नये.