ऑल-टेरेनचा आग्रह आणि आपलं काळं रान

बारामती-इंदापूर भागात गाडीचे टायर बदलायला निघालेल्या माणसाला सल्ला मागावा लागत नाही, तो आपणहून चालत येतो. "गावाकडं राहतोस, रानात गाडी घालावी लागते, ऑल-टेरेनच टाक." ज्याला आवाज नको असतो आणि ॲव्हरेजही पडायला नको असतं, त्याच्यासाठी दुसरा सल्ला तयार असतो. "मग हायब्रिड घे. निम्मा रस्त्याला, निम्मा रानाला." दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात. पहिला मी पाळलासुद्धा. माझ्या बोलेरोवर चार वर्षं ऑल-टेरेन होते. त्या चार वर्षांच्या जोरावरच म्हणतो, आपल्या दोन तालुक्यांतल्या बहुतेक गाड्यांना हा टायर चुकीचा आहे. इथं टायरची खरी परीक्षा रानात होत नाही, ओल्या डांबरावर होते.

समोरच्याची बाजू आधी नीट मांडतो. ऑल-टेरेनच्या पाठीवर रबराचे सुटे ठोकळे असतात आणि त्यांच्यामधून रुंद खाचा गेलेल्या असतात. हायवे टायरवर याच्या उलट, घेराभोवती अखंड पट्टे फिरलेले, खाचा अरुंद, पट्ट्यांवर केसासारख्या बारीक चिरा. खडीवर आणि मुरमावर ठोकळ्यांच्या कडा दगडाला धरतात. टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, बहुधा जास्त जाड असते, त्यामुळे अणकुचीदार दगडाने ती सहज फाटत नाही. हे सगळं खरं आहे, मी ते अनुभवलंय. पण कालव्याच्या पाण्यावरचं आपलं रान मुरमाचं नाही, काळ्या मातीचं आहे, आणि सगळा हिशोब तिथंच बदलतो.

परतीच्या पावसातली एक संध्याकाळ सांगतो. कालव्याच्या भरावावरून खाली उतरलो आणि चारीच्या कडेने उसाकडे निघालो. टायर ऑल-टेरेन, तेही नवेच म्हणावेत असे. चाळीस-पन्नास पावलांवर गाडी बसली. उतरून मागचं चाक पाहिलं, तर टायरवर एकही खाच दिसेना. सगळ्या खाचा चिखलाने काठोकाठ भरलेल्या आणि वरून गिलावा केल्यासारखं चाक सपाट. स्क्रू-ड्रायव्हरने एक खाच कोरली. चिखल साबणाच्या वडीसारखा, खाचेचा आकार घेऊनच बाहेर आला. ज्या खाचांसाठी मी जास्तीचे पैसे मोजले होते, त्या तिथं नव्हत्याच. गोटा झालेला टायर आणि माझा नवा टायर यांत त्या घडीला काही फरक नव्हता. शेवटी शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर आला, तेव्हा गाडी निघाली.

यात टायर बनवणाऱ्याची चूक नाही. काळ्या मातीत चिकण कणांचं प्रमाण मोठं, ती पाणी पिऊन फुगते आणि ज्याला लागेल त्याला चिकटते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीला. असा चिखल खाचेतून बाहेर फेकायचा तर खाच ऑल-टेरेनहून कितीतरी रुंद हवी आणि चाक जोरात फिरायला हवं. जोरात फिरणारं चाक काळ्या मातीत स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. त्यात गाडी टू-व्हील-ड्राइव्ह असेल तर ज्या चाकाला पकड उरलेली नाही, नेमकं तेच चाक डिफरन्शियल फिरवत बसतं.

आपल्या बापजाद्यांना हे ठाऊक होतं. वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात कुणी औत घातलं नाही. ओल्या रानात पाय घातला तर जमीन दबते, ढेकळं होतात, बैल रुततात. ज्या रानात वाफशाआधी बैल जात नाही, तिथं दीड टनाच्या आसपासची मोटार जाईल, हे आपण टायरच्या नावावरून कसं मानलं? आणि वाफसा आला की त्याच पाणंदीने हायवे टायरची साधी गाडीही निवांत जाते. म्हणजे चिखलात ऑल-टेरेन पुरत नाही आणि कोरड्यात त्याची गरज पडत नाही. मधल्या चार-सहा दिवसांत त्याचा उपयोग होतो, तेवढा मी मान्य करतो. त्या चार-सहा दिवसांसाठी वर्षभराचा टायर निवडू नये.

आता हायब्रिडकडे वळतो. आपल्याकडे हा शब्द दोन वेगळ्या मालांना लावला जातो. काही जण ऑल-टेरेन आणि मड-टेरेन यांच्यामधल्या टायरला हायब्रिड म्हणतात. कंपन्या त्याला रग्ड टेरेन म्हणतात. दुसरे काही हायवे आणि ऑल-टेरेन यांच्यामधल्या, मधोमध बंद पट्टे आणि कडेला उघड्या खाचा असलेल्या टायरला तेच नाव देतात. पहिला रस्त्यापासून लांब जातो, दुसरा रस्त्याच्या जवळ येतो. दिशा उलट्या, नाव एक. दोन मित्र "आपण दोघांनी हायब्रिड घेतला" म्हणतात आणि दोघांच्या गाड्या पावसात वेगवेगळ्या वागतात, त्याचं कारण हे. साइडवॉलवरचं 'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ हे अक्षरही फसवं आहे. ते खाचांच्या मांडणीवरून कंपनी स्वतः टाकते, चिखलात घेतलेल्या परीक्षेचा तो दाखला नव्हे.

'निम्मा रस्त्याला, निम्मा रानाला' हे वाक्य खोडून काढायला कुठं लांब जायला नको, दारातला ट्रॅक्टर पाहावा. त्याच्या पुढच्या चाकांवर घेराला धरून फिरणारे कंगोरे असतात, कारण त्यांचं काम वळण देणं. मागच्यांवर तिरके, उंच, एकमेकांपासून लांब दात, कारण त्यांचं काम ओढणं. एकाच यंत्रावर, एकाच रानात दोन कामांना दोन टायर लागतात. आणि गळीत हंगामात छत्रपती, माळेगाव किंवा सोमेश्वर कारखान्याच्या वाटेवर डबल ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे मागचे टायर पाहा. डांबरावर फिरून फिरून ते दात झिजलेले दिसतील. रानातला दात रस्ता खातो. मोटारीच्या ठोकळ्याचंही तेच होतं, फक्त हळूहळू, आणि आधी आवाज वाढतो.

आता रस्ता. 'गावाकडचे कच्चे रस्ते' हे चित्र आपल्या मनात जुनंच राहिलंय. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण, इंदापूरवरून जातो. पाटस-बारामती-इंदापूर या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं, आणि जिथं पूर्वी चाळीसने जायचो तिथं आता ऐंशीने जातो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. हा हिशोब रस्ता चांगला झाल्याच्या आनंदात आपण करत नाही.

त्या रस्त्यावर आपल्याकडची एक खास गोष्ट असते. उसाच्या ट्रॉल्या फडातून निघतात तेव्हा चाकांना चिकटलेली काळी माती पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर डांबरावर पसरत जाते. वर पाचट पडतं, वाडं पडतं. त्यावर अवकाळीची एक सर आली की रस्त्यावर लोण्याचा थर. अशाच एका संध्याकाळी सणसरच्या अलीकडे माझ्यापुढे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारातून एकदम समोर आली. ब्रेक दाबल्यावर गाडी जितक्या अंतरात थांबायला हवी होती तितक्यात थांबली नाही. स्टिअरिंग वळवलं, ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यापासून हातभर अंतराने निघालो. शेजारी आई बसली होती. त्या रात्री मी टायरविषयी पहिल्यांदा नीट वाचायला बसलो.

त्यातून कळलं ते असं. सुटा, उंच ठोकळा ब्रेकच्या जोराने वाकतो आणि रस्त्याला पूर्ण तळवा टेकवत नाही. खाचा रुंद, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर मुळात कमी. शिवाय दगडाने कापू नये म्हणून रबर बहुधा जास्त चिवट घेतात, आणि बारीक चिराही कमी. ओल्या गुळगुळीत रस्त्यावर पकड देतं ते मऊ रबर आणि या चिरा. म्हणून साधारणपणे त्याच मापाचा चांगला हायवे टायर पावसात लवकर थांबतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टायरच्या तीन गोष्टींना मर्यादा घातल्या: लोळताना होणारा विरोध, ओल्यावरची पकड आणि आवाज. तिन्ही रस्त्यावरच्या. चिखलाची कसोटी त्यात नाही, आणि रस्त्यावर मरणाऱ्यांचा देश म्हणून ते मला बरोबरच वाटतं.

"मग थारला कंपनीच ऑल-टेरेन का देते?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. त्यावर माझा प्रश्न: जून २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला, जिच्यात फोर-बाय-फोर आणि लो-रेंज गिअर आहे, मारुतीने हायवे टेरेन का दिला? रानात गाडीला पुढे नेतो तो आधी ड्राइव्ह, मग हवेचा दाब, मग चालवणाऱ्याचा पाय. टायरची नक्षी त्यानंतर.

दोन ठिकाणी मी माघार घेतो, आणि मनापासून घेतो. एक, सुपे-मोरगावच्या जिराईत पट्ट्यात ज्याची वस्ती आहे, ज्याला रोज मुरमाच्या, उघड्या दगडांच्या वाटेने जावं लागतं, त्याने ऑल-टेरेनच घ्यावा. तिथं माती चिकटत नाही आणि दगड कापतो. दुसरी जागा उसातली. तोड झाल्यावर राहिलेले बुडखे कोयत्याने तिरके कापलेले असतात, भाल्याच्या टोकासारखे. खोडव्यात गाडी वळवताना असा बुडखा साइडवॉलमध्ये घुसला तर पंक्चरवालाही हात टेकतो, कारण साइडवॉलला सहसा पॅच चालत नाही. पण यावर जाड टायर हा उपाय महागडा आहे. गाडी बांधावर लावायची, हा फुकटचा. खोडव्याचे फुटवे आणि ठिबकच्या नळ्या चिरडायला कोणता शेतकरी मोटार आत घेईल?

आणि 'ऑफ-रोड' म्हणून जे माळ दाखवले जातात, ते आपल्याकडे मोकळे पडलेले नाहीत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांचं आहे. इंदापुरातल्या कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारे आहेत, लांडगे आहेत. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी त्याच गवतात घरटं करतात. ठरलेली वाट सोडून तिथं चाकं घालण्याची हौस कोणत्याही टायरने करू नये.

मग टायर कोणता? उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने हायवे टेरेन घ्यावा. फारच तर हायब्रिडचा दुसरा प्रकार, मधोमध बंद पट्टे आणि फक्त खांद्याला उघड्या खाचा असलेला. नावावर जाऊ नका, दुकानात टायर उभा करून बोट फिरवा. मधला पट्टा अखंड लागला पाहिजे आणि त्यावर चिरा दिसल्या पाहिजेत. साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. माप कंपनीचंच ठेवा. रुंद टायर चिखलात जास्त तरंगतो हे खरं, पण रस्त्यावरच्या पाण्यावरही तोच आधी तरंगतो. हवा दरवाजाच्या पट्टीवर लिहिलेली भरा, साइडवॉलवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत खाच चालवून घेतो, मी तीन मिलिमीटरला टायर काढतो. ऑल-टेरेन आणि हायवे यांच्या किमतीतला फरक मी नेमका इथं खर्च करतो, लवकर टायर बदलण्यात.

मे २०२५ च्या अखेरीस इकडे मोसमाआधीच तुफान पाऊस झाला, पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, रस्त्यावर पाणी आलं. त्याआधी दोनच महिने मी बोलेरोवर हायवे टायर चढवले होते. त्या आठवड्यात शेताकडे गाडी नेलीच नाही. भरावावर लावली, चपला हातात घेतल्या आणि चारीच्या कडेने चालत उसापर्यंत गेलो. परत येताना बारामतीच्या दवाखान्यात आईला घेऊन जायचं होतं, आणि त्या रस्त्यावर पाऊस चालूच होता.