परत पाठविलेला लिफाफा

दुपारची वेळ. मालक जेवायला घरी गेलेले, गादीवर एकटे मुनीमजी. न्यायालयाचा बेलीफ येतो आणि हातातील कागद पुढे करतो. मुनीमजी म्हणतात, "शेठ नाहीत, आम्ही काही घेत नाही." घरीही तेच. पोस्टमनने आणलेल्या लिफाफ्यावर न्यायालयाचा शिक्का पाहताच आजी दार लावून घेतात आणि संध्याकाळी मुलाला सांगतात, "बला टळली बाबा."

बला टळलेली नसते. माझ्या परिचयातील एका भुसार पेढीवर हाच प्रसंग आला. परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट, ट्रान्सपोर्टची बिल्टी, खतावणीतील नोंद, सारे त्यांच्यापाशी होते. दावा लढविला असता तर मागणीचा मोठा भाग गळून पडला असता. परंतु समन्स दोनदा नाकारले, तारखेला कोणी हजर राहिले नाही आणि न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामा दिला. दोघा भावांना त्याचा पत्ता लागला तो दरखास्तीतील जप्तीचे वॉरंट दारात आल्यावर.

समन्स स्वीकारले म्हणजे देणे कबूल केले, ही समजूत आपल्या व्यापारी घरांत खोलवर रुजलेली आहे. ती साफ चुकीची आहे. पोचेवरील सही एवढेच सांगते की कागद मिळाला. उलट नकाराचे परिणाम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशात स्पष्ट लिहिलेले आहेत. नोंदणीकृत टपालाचा लिफाफा 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत गेला, तर न्यायालय समन्सची बजावणी झाली असे जाहीर करते. पत्ता बरोबर असून पोच तीस दिवसांत आलीच नाही, तरीही तसे जाहीर करता येते. बेलिफाला नकार दिल्यास तो समन्सची प्रत घराच्या किंवा दुकानाच्या दर्शनी भागी चिकटवितो आणि तसा अहवाल देतो. ती जागा कोणी दाखविली व कोणासमक्ष कागद चिकटविला, हे त्या अहवालात असावे लागते. वादी म्हणून आपण उभे असू तेव्हा हे तपशील भरले गेले की नाही, हे आपल्या वकिलांना अवश्य विचारावे. पुढे प्रतिवादी बजावणीवर बोट ठेवतो तो येथेच.

कागद कोणाच्या हाती द्यावा, याचेही नियम आहेत. प्रतिवादी घरी नसेल आणि वाजवी वेळेत भेटण्याची शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान व्यक्तीला समन्स देता येते, मग ती स्त्री असो वा पुरुष. फौजदारी समन्साच्या बाबतीत जुना कायदा केवळ सज्ञान पुरुषाचे नाव घेई. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने तो भेद काढून टाकला. घरातील नोकर मात्र कुटुंबात मोडत नाही, त्याच्या हाती दिलेला कागद पुरेसा नाही.

पेढीची गोष्ट निराळी. भागीदारी संस्थेविरुद्ध दावा असेल, तर कोणत्याही एका भागीदारावर किंवा मुख्य व्यवसायस्थानी कारभार पाहणाऱ्या व्यक्तीवर बजावणी करता येते. म्हणजे गादी सांभाळणारे मुनीमजी येथे येतात. त्यांना समन्स कोणत्या नात्याने देत आहोत, भागीदार म्हणून की व्यवस्थापक म्हणून, हे लेखी कळवावे लागते. तसे न कळविल्यास ते भागीदार या नात्यानेच दिले असे कायदा मानतो! म्हणून मुनीमजींनी कागद घ्यावा, सोबतची नोटीस वाचावी, आणि सही करताना तारीख व वेळ लिहावी.

तारखेचे महत्त्व का, ते पाहा. लेखी कैफियतीची मुदत समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांची. न्यायालयाने वाढविल्यास नव्वदपर्यंत. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यात 120 दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच जातो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ही मर्यादा कडक असल्याचे सांगितले आहे. हुंडी, धनादेश किंवा लेखी करारावरील संक्षिप्त दाव्यात तर हजेरी लावण्यास केवळ दहा दिवस मिळतात.

आता त्या भुसार पेढीकडे वळू. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून मोजतात; वर्तमानपत्रातील जाहीर समन्साने झालेली पर्यायी बजावणीही या मोजणीपुरती रीतसर धरली जात नाही. परंतु नकार ही रीतसर बजावणीच! त्यामुळे त्यांची मुदत हुकूमनाम्याच्या दिवशीच सुरू झाली आणि वॉरंट येण्यापूर्वी केव्हाच संपली. "आम्हांला ठाऊकच नव्हते" हे म्हणण्याची सोय मुनीमजींच्या त्या एका वाक्याने आणि आजींच्या लावलेल्या दाराने घालविली होती. दोघांचाही हेतू पेढी वाचविण्याचाच होता, हे सांगायला नको.

विलंबमाफीचा अर्ज झाला, समोरच्या पक्षाने तो कसून लढविला. अखेर न्यायालयाने हुकूमनाम्याची बरीच मोठी रक्कम जमा करण्याच्या अटीवर दावा पुन्हा ऐकण्याचे मान्य केले. ऐन हंगामात खरेदीचा पैसा न्यायालयात अडकला. धाकट्या भावाने सोने गहाण ठेवून गिऱ्हाइकांचे सौदे पुरे केले. बिल्टी आणि क्रेडिट नोट आता कुठे न्यायालयापुढे दाखल झाली आहे. ती सारा वेळ गादीमागच्या कपाटातच होती. गेल्या महिन्यात मी त्या पेढीवर गेलो, तेव्हा मुनीमजींनी एक नवी जाड वही दाखविली: आलेला प्रत्येक सरकारी कागद, दिवस, वेळ आणि घेणाऱ्याची सही. आजींनी तशीच एक लहान वही घरी दारामागे टांगून घेतली आहे.