घासाचा विळा किती वर धरावा?



बी चांगले आणले, खतपाणी वेळेवर दिले, तरी आमचा घास पहिल्याच वर्षी विरळ का पडतो, असे एका वाचक भगिनीने पत्राने विचारले आहे. हिवाळा सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्या बहुधा भगिनीच असतात. घास पेरतो घरधनी, पण रोज विळा घेऊन वाफ्यात बसते ती घरची बाई. म्हणून आजचे चार शब्द मुख्यतः तिच्यासाठी.

लसूणघास नीट राखला तर तीन ते चार वर्षे टिकतो. तो वर्षात संपला तर बियाणे आणि मशागत यांचा खर्च पुन्हा अंगावर येतो. शिवाय ऐन उन्हाळ्यात गव्हाणीत नुसता कडबा उरतो. मग दूध उतरते, आणि डेअरीचे बिल हातात पडले की घरात कुरबूर सुरू होते. बियाणेवाल्याला दोष दिला जातो. पण पुष्कळदा दोष बियाण्यात नसतो, कापणीत असतो.

घासाची पाने उन्हात अन्न तयार करतात आणि त्यातले काही मुळांत साठवतात. कापणी झाली की पाने गेली. मग नवा फुटवा मुळातल्या साठ्यावरच वर येतो. पहिले दोन-तीन आठवडे हा साठा कमी होत असतो. पाने भरपूर झाली की तो पुन्हा भरू लागतो, आणि फुले दिसू लागेपर्यंत बराचसा भरून निघतो. त्याआधीच विळा घातला तर कणगी भरण्याआधीच धान्य उपसल्यासारखे होते. एकदा-दोनदा निभावते. पुन्हा पुन्हा तसे झाले की मुळे खंगतात, रोपे मरतात आणि मोकळ्या जागी तण माजते.

म्हणून पहिली कापणी पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी करावी. घास गुडघ्याएवढा दिसला म्हणून घाई करू नये. त्यानंतर दर २५ ते ३० दिवसांनी, शंभरात दहा झाडांना फूल दिसू लागले की कापावे. कडक थंडीत वाढ मंदावते, तेव्हा आणखी चार-पाच दिवस थांबावे. वीस दिवसांनी कापले तर वर्षात अठरा कापण्या होतील आणि तीस दिवसांनी बाराच, असा हिशेब कोणी मांडतात. तो कागदावरच राहतो. अठरा कापण्या सोसायला घास शिल्लक राहिला पाहिजे ना!

आता विळ्याची उंची. घासाचे नवे डोळे जमिनीलगतच्या ठोंबावर असतात. मातीला टेकवून कापले तर हे डोळे छाटले जातात. म्हणून खाली तीन-चार बोटे खुंट राखावा. विळ्याला धार हवी. बोथट विळ्याने हिसका बसतो आणि पहिल्या कापणीला कोवळी रोपे मुळासकट उपटून येतात. शेळ्या-करडे वाफ्यात सोडू नयेत, ती ठोंबापर्यंत कुरतडतात.

काहीजण म्हणतात, बांधावरची हरळी जनावरे मातीपर्यंत खातात, तरी ती मरत नाही, मग घासाचेच काय एवढे? हरळीची खोडे जमिनीवर आणि जमिनीखाली पसरतात, त्यामुळे जनावराच्या तोंडातून ती वाचते. घास उभा वाढतो, त्याला तशी सोय नाही. थंड देशांत घरापुढे राय, फेस्क्यू अशा थंड हवेच्या गवतांची हिरवळ राखतात. तेथेही एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, असा नियम सांगतात. त्यांना हिरवळ डोळ्यांसाठी हवी, म्हणून थोडे थोडे कापून भागते. आपल्याला चारा हवा, म्हणून जवळजवळ सगळेच कापावे लागते. मग त्याच्या बदल्यात पिकाला पुरते दिवस तरी दिलेच पाहिजेत.

ओट हे पीक तर या थंड हवेच्या गवतांचे भावंडच. त्याची पहिली कापणी सुमारे ५० दिवसांनी, चार-पाच बोटे खुंट राखून करावी. फार उशीर केला तर वाढीचा कोंब खोडातून वर सरकतो आणि विळ्याखाली येतो. तो फुटवा मग पुन्हा वाढत नाही. कापणीनंतर एकरी ३५ किलो युरिया देऊन पाणी द्यावे. दुसरी कापणी पुढे ३५ ते ४० दिवसांनी, निम्मे पीक फुलोऱ्यात असताना करावी. घास मात्र डाळवर्गी आहे, त्याला युरियाची अशी गरज नसते.

मुदत पाळायची, तर रोजची गव्हाण कशी भरायची? त्यासाठी घासाच्या तुकड्याचे सारखे तीस वाफे पाडा. रोज एकच वाफा कापा. पहिल्या वाफ्याची पाळी आपोआप तिसाव्या दिवसानंतर येते, दिवस मोजण्याची गरज पडत नाही. त्या दिवशी चारा कमी पडला तर वैरणीत कडबा वाढवा, पण उद्याच्या वाफ्याला हात लावू नका. कापायच्या आधी पाणी देऊ नये. ओल्या जमिनीत पायांखाली ठोंब दबतात. कापून झाल्यावर एक खुरपणी द्यावी, मग पाणी.

वाफ्यात पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल दिसली तर तेवढी जागा घासासकट जमिनीलगत कापून लगेच जाळावी. येथे घासाची दया करू नये. ती उकिरड्यावर टाकू नये, जनावरालाही घालू नये, कारण तिचे बी शेणातून पुन्हा शेतात येते.

शेवटी एक सावधगिरी. दंव पडलेला कोवळा घास उपाशी जनावरापुढे नुसता टाकू नये, पोट फुगते. आधी थोडा कडबा द्यावा. घास काही तास सुकवून, कडब्यात मिसळून घालावा.

चार बोटे खुंट मागे राहिला की घरातले कोणी म्हणेल, "एवढा चारा रानात का सोडला?" त्यांना सांगा, तो चारा सोडलेला नाही, पुढच्या महिन्याच्या दुधासाठी राखलेला आहे.