चौकस मुलगा, भोचक मुलगी

मराठीत मुलगी गुप्तहेर का नाही, असं विचारलं की हमखास उत्तर येतं, "फास्टर फेणे आहे ना! मुलीही आवडीनं वाचतात." वाचतात, खरंच. मीही पारायणं केली आहेत. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा हा काटकुळा, सायकलवर सुसाट सुटणारा बनेश फेणे वीस पुस्तकांतून प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत हिंडवला. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये चित्रपटात. भागवतांशी माझं भांडण नाही, त्यांनी आपलं काम चोख केलं. भांडण आहे ते त्यांच्यानंतरच्या लेखक-प्रकाशकांशी. त्यांना इतक्या वर्षांत फेणेच्या तोडीची, घराघरात नावानं ओळखली जाणारी एक मुलगी उभी करता आली नाही. मुली मुलाची गोष्ट वाचतात, मुलगे मुलीची वाचत नाहीत, असं म्हणे खप सांगतो. वाचायला दिली कधी?

एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'मध्ये १९४२ सालीच एक धाडसी मुलगी आहे. पण तिला जॉर्जिना म्हटलेलं खपत नाही, केस कापून 'जॉर्ज' व्हावं लागतं. दुसरी, ॲन, जेवणाखाण्याचं बघते! अमेरिकेत १९३० साली नॅन्सी ड्रू आली, स्वतःची गाडी स्वतः चालवणारी. १९५९ पासून तिची जुनी पुस्तकं बदलून छापली, तेव्हा तिचा फटकळपणा घासून गुळगुळीत केला गेला.

गुप्तहेर व्हायला लागतं काय? भिंग नाही, पिस्तूल तर नाहीच. वेळीअवेळी बाहेर पडायची मुभा लागते. अनोळखी माणसाला प्रश्न विचारायची मुभा लागते. आणि दिसलं ते मोठ्यांच्या तोंडावर सांगितलं तर ते ऐकणारं कुणीतरी लागतं. यातलं आपण मुलीला काय देतो?

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत टाकीतलं पाणी रोज दुपारी कमी व्हायचं. सहावीतल्या एका मुलीनं चार दुपारी जिन्यात बसून वहीत वेळा टिपल्या. कोण नळी लावतं ते शोधलं आणि कमिटीला सांगितलं. कमिटीनं तिच्या आईला बोलावून घेतलं. "मुलीला आवरा, फार भोचक आहे." याच कमिटीनं गणपतीत पेपरचोर पकडणाऱ्या मुलाला 'चौकस' म्हणून नारळ दिला होता. दोघांच्या वयात वर्षाचंही अंतर नाही. आईनं वही काढून घेतली. तिला तरी काय बोलणार? तिला याच जिन्यानं रोज चढउतार करायची आहे.

आता कुणी म्हणेल, काळजीपोटी हो, दिवस वाईट आहेत. फेणेच्या मागेही गुंड लागतात, त्याला कुणी घरात कोंडत नाही. आणि धोका काय फक्त रस्त्यावर असतो? कोणत्या काकाशेजारी बसायचं नाही, हे मुलगी आपल्याआधी ओळखते. २०१२ साली पॉक्सो कायदा झाला. पण दिसलेलं बोलायचं नाही असंच जिला शिकवलं, ती तक्रार करायला तोंड कशी उघडणार? 'भोचक' म्हणून तिचं तोंड आपणच आधी बंद केलेलं असतं.

मुंबईत रजनी पंडित यांनी खाजगी गुप्तहेर म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे खऱ्या आयुष्यात बाई गुप्तहेर आहे, गोष्टीतच तिला मज्जाव.

तेव्हा लेखक मंडळी, लिहा. जागा मी सुचवते. १९९२ साली चर्चगेट-बोरीवली लेडीज स्पेशल सुरू झाली. एका डब्यात किती गुपितं प्रवास करतात, भाजी निवडता निवडता किती बातम्या फुटतात! त्या डब्यात सातवीतली एक मुलगी बसवा. तिच्या हातात वही द्या. सोबतीला दादा देऊ नका. आणि शेवटच्या पानावर पोलीसकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला घरी पोचवायचं नाही. जबाब तिचा तिलाच देऊ द्या.